मोबाईल, टॉवर की मीठ? थायरॉईड कॅन्सर नेमका कशाने होतो आणि कर्जत-खालापुरात तो वेळेत कसा ओळखायचा

"रात्री मोबाईल उशीखाली ठेवू नका, थायरॉईडचा कॅन्सर होतो" हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. त्याचा एक भाऊपण आहे, "गावात टॉवर आला की गळ्याच्या गाठी वाढतात" असं सांगणारा. कर्जत-खालापूर भागात यात तिसरं नाव जोडलं जातं ते डोक्यावरून जाणाऱ्या हाय-टेन्शन तारांचं. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं, त्यामुळे तारांखाली राहायची इथे चार पिढ्यांची सवय आहे.

आज आपण या मेसेजेसमध्ये किती तथ्य आहे ते बघू. पण खरं सांगायचं तर तो सोपा भाग आहे. अवघड भाग पुढे आहे: गळ्याला खरोखर गाठ आली तर खांडसच्या वाडीतल्या माणसाने काय करायचं, कुठे जायचं आणि कोणत्या तपासणीवर पैसे घालवायचे नाहीत.

आधी ही ग्रंथी काय करते?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. ती थायरॉईड. शरीराचा वेग ठरवणारं हार्मोन ती बनवते आणि त्यासाठी तिला आयोडीन लागतं. रक्तातून जाणारं आयोडीन ही ग्रंथी अक्षरशः ओढून घेते. शरीरातला दुसरा कुठलाच अवयव एवढं आयोडीन साठवत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण या कॅन्सरचं सगळ्यात पक्कं कारण आणि त्यावरचा एक मोठा उपचार, दोन्ही याच गुणातून आले आहेत.

पक्कं कारण: लहानपणी मिळालेलं रेडिएशन

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. हवेत जे काही उडालं त्यात आयोडीन-१३१ होतं, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन. ते गवतावर पडलं, गवत गाईंनी खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं. आता मुलांच्या थायरॉईडला साधं आयोडीन कोणतं आणि किरणोत्सर्गी कोणतं हे कळायला काही मार्ग नव्हता. तिने ते साठवून घेतलं. या आयोडीनचं अर्धायुष्य फक्त ८ दिवसांचं, पण तेवढ्या दिवसांत काम झालं. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये थायरॉईड कॅन्सरच्या ६ हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथी आधीच भरून राहील आणि वाईट आयोडीनला जागा उरणार नाही.

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या मुलांमध्ये हेच दिसलं. शिवाय जुन्या काळी डोक्यावरच्या गजकर्णावर, सुजलेल्या टॉन्सिल्सवर एक्स-रे देऊन उपचार करायचे. त्या मुलांमध्येही पुढे हा कॅन्सर वाढलेला आढळला. साधारण १५ वर्षांच्या आत मिळालेलं रेडिएशन सगळ्यात धोक्याचं. विशी ओलांडली की हा धोका बराच कमी होतो.

मग मोबाईलचं काय? तेही रेडिएशनच ना? शब्द एकच आहे, गोष्ट वेगळी. एक्स-रे किंवा आयोडीन-१३१ मधून निघणाऱ्या किरणांत एवढी ऊर्जा असते की ते अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून डीएनए तोडू शकतात. मोबाईलच्या लहरींच्या एका कणात असलेली ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी असते. फाईव्ह-जी आलं म्हणून हे चित्र बदलत नाही. या लहरी पेशींना थोडी ऊब देतात, त्यावर मर्यादा म्हणून 'सार' नावाचा आकडा ठरवलेला आहे. भारतात तो किलोमागे १.६ वॅट आहे. डायलपॅडवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा, बऱ्याच फोनवर तुमच्या मॉडेलचा आकडा समोर येतो. टॉवरच्या बाबतीत भारताने २०१२ मध्ये मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

"पण डब्ल्यूएचओनेच मोबाईलला कॅन्सरच्या यादीत टाकलंय" असंही कोणी सांगेल. खरं आहे, २०११ मध्ये त्यांच्या संस्थेने या लहरींना '२-बी' गटात ठेवलं. या गटाचा अर्थ, शंका आहे पण पुरावा तोकडा आहे. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कसुद्धा याच गटात आहे. कोरफडीविरुद्ध फॉरवर्ड आलेला मी अजून पाहिला नाही! आणि ती शंकाही मेंदूच्या ट्यूमरबद्दल होती, थायरॉईडबद्दल नाही. तारांचंही तेच: तारांभोवतीच्या क्षेत्रात डीएनए तोडायची ताकद नसते. मोबाईल उशीखाली ठेवू नकाच, पण तो गरम होतो आणि झोप मोडतो म्हणून.

खरी काळजी घ्यायची ती लहान मुलांच्या सीटी स्कॅनची. मूल पडलं, डोक्याला मार लागला आणि डॉक्टर सीटी सांगतायत तर नक्की करा, तिथे जीव महत्त्वाचा. पण "एकदा करूनच टाकू" म्हणून मानेचा किंवा डोक्याचा सीटी आपण होऊन मागू नका. एक्स-रे सेंटरला एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स लागतं, ते 'ई-लोरा' नावाच्या ऑनलाईन यंत्रणेतून मिळतं. भिंतीवर लावलेलं आहे का एवढं बघायला काहीच हरकत नाही. दाताच्या एक्स-रेच्या वेळी गळ्याला पट्टा बांधला नाही म्हणून भांडूही नका. नव्या मशीनचा डोस इतका कमी असतो की अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये तो पट्टा गरजेचा नसल्याचं सांगितलं.

आपली माती, आपलं पाणी, आपलं मीठ

सिसिलीमध्ये एटना ज्वालामुखीच्या पायथ्याला कॅटानिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या बायकांमध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण बाकीच्या सिसिलीच्या दुपटीहून जास्त सापडलं. हवाई आणि आइसलँड या ज्वालामुखीच्या बेटांवरही प्रमाण जास्तच. संशय आहे तो पाण्यात उतरणाऱ्या जड धातूंवर, पण नेमका गुन्हेगार अजून पकडला गेलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे, माथेरान, ढाक, भीमाशंकर, आपली सगळी सह्याद्री लाव्ह्याचीच तर आहे! आहे. पण हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि कधीच थंड झालेला. एटना आजही वायू आणि राख ओकतोय. शिवाय आपल्या काळ्या कातळात युरेनियम-थोरियम कमी असल्यामुळे इथलं नैसर्गिक रेडिएशन देशात कमी असलेल्या भागांपैकी आहे. उलटं उदाहरण केरळच्या करुणागप्पळ्ळीचं. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाईट आहे, रेडिएशन कितीतरी जास्त. तरी तिथे वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात त्या रेडिएशनमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

रसायनांबद्दल काय? पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांमुळे हा प्रश्न इथे येणारच. पर्क्लोरेट, नायट्रेट, थायोसायनेट ही मंडळी थायरॉईडच्या आयोडीन आत घेणाऱ्या दारातच गर्दी करतात, आयोडीन बाहेर राहतं. आग रोखण्यासाठी फोम आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये घातली जाणारी ब्रोमीनवाली रसायनं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. पण "ढवळाढवळ करतात" ते "कॅन्सर करतात" हे अंतर मोठं आहे आणि ते अंतर कापणारा पुरावा आजतरी पुरेसा नाही. नदीत घाण सोडू नये यासाठी कॅन्सरच्या भीतीची गरजही नसावी, असं आपलं माझं मत.

मिठाचा मुद्दा मात्र घरातला आहे. आयोडीन कमी पडलं की थायरॉईड जास्त काम करायला फुगते, तोच गलगंड. अशा फुगलेल्या ग्रंथीत गाठी होतात आणि आयोडीन कमी असलेल्या भागात फॉलिक्युलर नावाच्या कॅन्सरचा वाटा जास्त दिसतो. रायगडात पेण-उरणला मिठागरं असल्यामुळे खडं मीठ स्वस्तात पोत्याने मिळतं. मासे खारवायला ते उत्तम. पण समुद्राचं आहे म्हणून त्यात आयोडीन असेल हा गैरसमज आहे. न मिसळलेल्या खड्या मिठात ते नावापुरतंच असतं. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर २००६ पासून बंदी आहे. घरातल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलीग्रॅम आयोडीन हवं. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईंना मीठ तपासायचं छोटं किट दिलं जातं: थेंब टाकला की मीठ जांभळं-निळं होतं. गावातल्या ताईंना विचारून बघा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बरणीचं झाकण घट्ट ठेवा, चुलीजवळ उघडं मीठ ठेवलं की आयोडीन उडतं.

कोरियाची गोष्ट, आणि तुमच्या फोनवरची फुल बॉडी ऑफर

दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉईड तिच्यात नव्हती, पण हॉस्पिटलं थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागली. झालं काय? २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. जगात कुठेच नव्हतं एवढं. पण मृत्यू? जिथे होते तिथेच. म्हणजे कॅन्सर वाढला नव्हता, सापडणं वाढलं होतं. थायरॉईडमध्ये मुगाच्या दाण्याएवढे पॅपिलरी कॅन्सर अनेकांना असतात, ते आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. ते शोधून काढले, की माणूस घाबरतो, ऑपरेशन होतं, मग जन्मभर रोज सकाळी गोळी. काहींचा आवाज घोगरा होतो, काहींचं कॅल्शियम घसरतं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी हे थांबवा म्हणून आवाज उठवला आणि वर्षभरात ऑपरेशन्स साधारण एक तृतीयांशाने घटली. जपानच्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३ पासूनच अशा बारीक कॅन्सरना ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवायला सुरुवात केली होती. फुकुशिमानंतर हजारो मुलांची सोनोग्राफी झाली, तेव्हाही बऱ्याच केसेस सापडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचं म्हणणं, त्यामागे रेडिएशनपेक्षा बारकाईने केलेली तपासणीच आहे.

त्यामुळे काही त्रास नसताना ॲपवरच्या डिस्काउंटमध्ये गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ नका. आणि याच्या उलट एक चूक याहून जास्त होते. पॅकेजमधलं 'थायरॉईड प्रोफाईल' नॉर्मल आलं, की लोक गाठ विसरून जातात. टीएसएच, टी-३, टी-४ या टेस्ट ग्रंथी काम कसं करतेय ते सांगतात. कॅन्सर आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. थायरॉईड कॅन्सर असलेल्या बहुतेकांची टीएसएच नॉर्मलच असते.

गाठ दिसली तर

सेऊलची अडचण आणि खांडसची अडचण एकदम उलट्या आहेत. तिथे न दिसणारी गाठ शोधतात, इथे दिसणारी गाठ वर्षानुवर्षं पदराखाली राहते. ठाकर-कातकरी वाड्यांवर तर आणखी एक घोळ होतो. गळ्याच्या बाजूच्या गाठींना सरसकट 'गंडमाळ' म्हणतात आणि गंडमाळ म्हणजे टीबी, म्हणून टीबीच्या गोळ्यांची वाट धरली जाते. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण थायरॉईडचा पॅपिलरी कॅन्सरसुद्धा आधी मानेच्या बाजूच्या गाठींमध्येच पसरतो, म्हणून सुई घालून तपासल्याशिवाय अंदाजावर जाऊ नये.

घरी करता येण्यासारखी एक साधी गोष्ट: आरशासमोर मान थोडी मागे करून पाण्याचा घोट घ्या. गिळताना गाठ वरखाली हलली तर ती थायरॉईडची असण्याची शक्यता जास्त. घाबरू नका, थायरॉईडच्या दहातल्या नऊहून जास्त गाठी साध्या असतात. बायकांमध्ये हा कॅन्सर पुरुषांच्या साधारण तिप्पट, आणि तो म्हातारपणाचीही वाट बघत नाही. गाठ भराभर वाढतेय, दगडासारखी कडक आहे, आवाज बसलाय तो तीन आठवडे सुटत नाही, गिळताना अडकतंय, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालं होतं किंवा घरात कोणाला थायरॉईड कॅन्सर झाला होता, यातलं काहीही असेल तर थांबू नका. मेड्युलरी नावाचा प्रकार आरईटी जनुकातून घराण्यात चालत येऊ शकतो, तिथे भावंडांचीही तपासणी करतात.

पहिला टप्पा सोनोग्राफीचा. रिपोर्टमध्ये 'टिरॅड्स' आणि पुढे १ ते ५ आकडा दिसेल. ५ म्हणजे संशय जास्त. कोणत्या गाठीत सुई घालायची ते आकडा आणि गाठीचा आकार मिळून ठरतं. टिरॅड्स लिहिलेलंच नसेल तर "सर, आकडा लिहून द्याल का?" असं विचारायला लाजू नका. दुसरा टप्पा एफएनएसी. बारीक सुईने पेशी ओढून घेतात, पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही, लगेच घरी. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि तिच्यामुळे लोक महिनोन्महिने घालवतात. थायरॉईडच्या सुईने असं होणं अतिशय दुर्मिळ आहे. रिपोर्टवर 'बेथेस्डा' आणि १ ते ६ आकडा येतो. १ म्हणजे नमुना पुरेसा नाही, परत सुई. २ म्हणजे साधी. ६ म्हणजे कॅन्सर जवळपास नक्की. मधले ३ आणि ४ मात्र धूसर, पेशी बघून ठामपणे सांगता येत नाही. तिथेच नवं तंत्रज्ञान कामाला येतं: गाठीतल्या जनुकांची टेस्ट, सोनोग्राफीची चित्रं वाचणारं एआय, मायक्रोस्कोपला फोन लावून दूरच्या पॅथॉलॉजिस्टला फोटो पाठवणं. एआयबद्दल एवढंच सांगतो की ते मदतनीस म्हणून चांगलं आहे. चित्र धड काढलेलं नसेल तर एआयसुद्धा धड वाचू शकत नाही.

मग खिशात मावणारं, फोनला जोडायचं सोनोग्राफी मशीन वाडीवाडीत का नाही नेत? तंत्र तयार आहे. आडवा येतो कायदा, आणि त्याला कारण आहे. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदलेलं लागतं आणि पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेच्या किंवा फिरत्या दवाखान्याच्या बाहेर वापरता येत नाही. कोल्हापुरात तर मशीनवर नजर ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरणही बसवलं होतं. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, त्यामुळे हा कायदा सैल करा म्हणणं सोपं नाही. फक्त गळाच दाखवेल, पोट दाखवणारच नाही असं सॉफ्टवेअरने बांधलेलं मशीन बनू शकतं. मला विचाराल तर इंजिनीअरिंगच्या मुलांनी प्रोजेक्टला घ्यावा असा विषय आहे.

तोवर रस्ता नेहमीचाच: कशेळे किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन पुढे. घरून निघण्याआधी 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांशी फुकट व्हिडिओवर बोलता येतं. टाटा मेमोरियलचं एक केंद्र आपल्याच जिल्ह्यात खारघरला आहे, मुख्य हॉस्पिटल परळला. परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉईड काढल्यानंतर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारायला तिथे आयोडीन-१३१ देतात. हो, चेर्नोबिलवालंच! उरलेल्या पेशी ते ओढून घेतात आणि आतूनच मरतात. मोठा डोस घेतल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. वेळेत सापडलेल्या पॅपिलरी कॅन्सरचे पेशंट बहुतेक बरे होतात.

कातकरी कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर निघून जातात, एफएनएसीचा रिपोर्ट हॉस्पिटलात पडून राहतो. इथे तुमचा फोन कामाला येईल. ओळखीच्या कोणाची तपासणी झाली असेल तर हॉस्पिटलात तुमचा नंबर लिहून द्या, त्यांचं आभा खातं उघडून रिपोर्ट त्यात चढवा, कागदाचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. टाटाचे डॉक्टर 'नव्या' या ऑनलाईन सेवेवरही रिपोर्ट बघून मत देतात.

मात्र परळ-खारघरला जाताना नुसता फोटो चालत नाही. एफएनएसीच्या मूळ काचेच्या स्लाईड्स मागून घ्या, कारण मोठ्या हॉस्पिटलात त्या परत मायक्रोस्कोपखाली बघतात आणि स्लाईड नसली तर सुई पुन्हा घालावी लागते. लॅबमधून स्लाईडचा प्लॅस्टिकचा डबा मिळतो. तो नाही मिळाला तर स्लाईड्स कापसात गुंडाळून टिफिनमध्ये ठेवा, सकाळच्या कर्जत लोकलच्या गर्दीत त्या खिशात टिकत नाहीत.